निवडीनंतरचे देणे

महाविद्यालयात नीतिशास्त्राच्या तासाला एखादे धर्मसंकट मांडले गेले की आम्हां विद्यार्थ्यांत जो उत्साह संचारतो, तो अलीकडे मला काळजीत टाकू लागला आहे. वर्गाचे दोन तट पडतात, कोणी कांटचा दाखला देतो, कोणी मिलचा, अखेर बहुमताने एक कर्तव्य विजयी ठरते आणि हरलेल्या कर्तव्याची वार्ताही घंटेनंतर कोणी करीत नाही. माझी तक्रार आहे ती या शेवटच्या गोष्टीबद्दल.

शेतकऱ्याचे उदाहरण घ्या. सुगीचा पैसा हाती आला, परंतु तगादा दोघांचा, वाण्याचा आणि सावकाराचा, आणि रक्कम पुरणार एकालाच. त्याने पूर्ण विचारांती वाण्याचे खाते चुकते केले, तर तो निर्णय सर्वस्वी योग्य असू शकेल. पण तेवढ्याने सावकाराच्या वहीतील त्याच्या नावावर काट बसत नाही. शहाणा शेतकरी त्याच सायंकाळी सावकाराच्या ओट्यावर जातो, यंदा जमले नाही हे स्वतःच्या तोंडाने सांगतो आणि बाकी पुढील सालावर ओढून घेतो. दुसरा एक असतो. तो उद्यापासून वाट बदलून तोंड चुकवू लागतो. आम्ही विद्यार्थी वर्गात प्रत्यही जे करतो, ते हे वाट बदलणे होय.

झाँ-पॉल सार्त्र यांनी १९४५ साली पॅरिस येथील व्याख्यानात सांगितलेली आपल्या एका विद्यार्थ्याची हकीकत तत्त्वज्ञानाच्या विद्यार्थ्यांना परिचित आहे. थोरला भाऊ १९४० च्या जर्मन आक्रमणात मारला गेलेला, वडिलांचे आईशी बिनसलेले, आणि त्या माउलीला या एका मुलाचाच आधार. अशा स्थितीत इंग्लंडला जाऊन स्वतंत्र फ्रेंच सेनेत दाखल व्हावे की आईजवळ राहावे, हा त्याचा प्रश्न. तू स्वतंत्र आहेस, निवड तुझी तूच कर, या आशयाचे सार्त्र यांचे उत्तर बरोबर की अपुरे, यावर आमच्या वर्गात तासभर खडाजंगी झाली. परंतु तो गेलाच, तर आईला काय सांगून जाईल आणि तिच्या उदरनिर्वाहाची कोणती तजवीज लावील, किंवा राहिलाच, तर भावाच्या रक्ताचे देणे घरी बसून कोणत्या रूपाने फेडील, हे एकानेही विचारले नाही. मित्रहो, नीतीचा अर्धा भाग येथेच होता!

'कृत्य योग्य होते, मग खंत कसली?' असा सवाल आमच्यातील बुद्धिमान मंडळी करतात. मी खंतीची मागणी करीतच नाही. खंत पुष्कळांना होते आणि दोन दिवसांत ओसरते. मी मागतो आहे ती भरपाई. ऑक्सफर्डचे डब्ल्यू. डी. रॉस यांनी १९३० च्या आपल्या ग्रंथात हेच प्रतिपादन केले आहे: संकटग्रस्ताच्या साहाय्यासाठी दिलेले वचन मोडणे उचित ठरले, तरी ज्यास वचन दिले होते त्याचे नुकसान कोणत्या तरी प्रकारे भरून देण्याचे कर्तव्य शिल्लक राहतेच. पुन्हा सांगतो, कारण नेमके हेच कानाआड होते: निर्णय बरोबर असला तरी दुसऱ्याचे देणे उरते.

आणि यासाठी ऑक्सफर्डपर्यंत जाण्याची तरी काय आवश्यकता? लोकमान्यांच्या 'गीतारहस्या'तील कर्मजिज्ञासेचे प्रकरण वाचताना कर्तव्यांच्या झगड्याकडेच आपले सारे लक्ष वेधले जाते. पण झगड्यानंतरच्या हिशेबाविषयी व्यास किती कठोर आहेत, ते द्रोणपर्वात पाहावे. 'अश्वत्थामा' या नावाची आड घेऊन धर्मराजांनी द्रोणाचार्यांस फसविले. पांडवांचे सैन्य वाचले, आणि तो सल्ला देणारे तर प्रत्यक्ष श्रीकृष्ण. तरीही भूमीपासून चार अंगुळे वर चालणारा त्यांचा रथ त्या क्षणी जमिनीला टेकला. तेवढ्यावरही वही मिटली नाही. युद्ध संपले, राज्य भोगून झाले, महाप्रस्थान झाले, आणि स्वर्गाच्या दारी पोहोचलेल्या त्या वृद्ध राजाला नरकाचे दर्शन घडले. द्रोणांशी कपट केलेस, म्हणून कपटानेच तुला नरक दाखविला, असे इंद्राने त्यांना समजावले. इतक्या वर्षांनंतर, इतक्या उंचीवर, ती जुनी बाकी पुढे आली!

म्हणून आमच्या अध्यापकांस माझी नम्र विनंती आहे की, प्रसंग मांडल्यावर 'काय करावे?' एवढे विचारून न थांबता 'ज्याचे केले नाही, त्याच्यासाठी आता काय कराल?' हेही प्रत्येकाकडून लिहून घ्यावे, आणि गुण देताना दुसऱ्या उत्तराचे माप अधिक कसोशीने घ्यावे.

एक अडचण मात्र मोठी आहे. ज्याचे देणे, तो मनुष्यच हयात नसेल तर? द्रोणाचार्यांनी शस्त्र ठेवले आणि ते मारले गेले. धर्मराजांनी कोणाच्या दारी जावे? त्यांचा पुत्र अश्वत्थामा जिवंत होता, पित्याचे ऋण पुत्राकडे फेडावे, असे म्हणता येईल. परंतु त्याच पुत्राने पुढे एका रात्रीत द्रौपदीचे पाचही मुलगे निद्रितावस्थेत मारले, तेव्हा देणेदार कोण आणि घेणेदार कोण, याचा निवाडा करण्यास वेगळे भाषण लागेल, आणि माझ्यासाठी नेमून दिलेली मिनिटे तर संपली आहेत.