नाणं खणखणीत आहे का?

(रौप्यमहोत्सवी स्नेहसंमेलनात केलेले भाषण)



सेक्रेटरीसाहेब म्हणाले, "काका, नाण्यांवर बोला, पण दहाच मिनिटं." चौतीस वर्षे बँकेत लोकांचे पैसे मोजले, म्हणून मला नाण्यातलं सगळं कळतं असा आपला समज आहे. तो आधी दूर करतो.

निवृत्त झाल्यावर एका विक्रेत्याकडून मी १९३९ चा चांदीचा रुपया घेतला. हा रुपया फार दुर्मीळ. वजन केलं, बरोबर ११.६६ ग्रॅम. फरशीवर वाजवला, खणखणीत. लोहचुंबकाला चिकटला नाही. स्वस्तात मिळतोय म्हणून बारा हजार मोजले. घरी नातवाने भिंग लावलं आणि म्हणाला, "आजोबा, यातला नऊ वेगळाच दिसतोय." १९३८ च्या रुपयावरचा इंग्रजी आठ कोरून त्याचा नऊ केला होता! चांदी खरी, वजन खरं, साल तेवढं खोटं. लाजेपोटी मी ही गोष्ट सोसायटीत कुणाला सांगितली नाही.

गेल्या वर्षी आपल्यातल्याच एका वहिनींना फोन आला. देवघरातल्या रामदरबाराच्या नाण्याचे नऊ लाख देतो म्हणे! आधी नोंदणीचे पंधराशे, मग कराचे सहा हजार. वहिनींनी दोन्ही भरले. त्यावर ईस्ट इंडिया कंपनीचं नाव आणि १८१८ साल असतं, पण कंपनीने असं नाणं कधी पाडलंच नाही. ती पूजेत ठेवायची मुद्रा. त्याही लाजेने गप्प बसल्या. मी माझी फजिती आधीच सांगितली असती, तर कदाचित त्या पैसे भरण्यापूर्वी माझ्याकडे आल्या असत्या. ही बोच मला आहे. म्हणून, त्यांच्या परवानगीने, आज बोलतोय.

तर लक्षात ठेवा. वजन, आवाज, लोहचुंबक आणि भिंग, चारही कसोट्या लावा. १९४७ चा रुपया चुंबकाला चिकटला तर घाबरू नका, तो निकेलचाच आहे.

टांकसाळीतली चूक म्हणजे छाप एका बाजूला सरकलेली, किंवा एकच चित्र दोन्हीकडे, पण एका बाजूला उलटं आणि आत दबलेलं. नंतर चेपलेलं किंवा कानशीने घासलेलं नाणं म्हणजे चूक नव्हे, ते नुसतं खराब झालेलं नाणं.

आणि भगिनींनो, हात जोडून सांगतो, जुनी नाणी चिंचेने किंवा पितांबरीने घासू नका. काळपटपणा हे नाण्याचं वय आहे. चकाकी येते, किंमत जाते. नाणं कडेला धरावं, कोरड्या जागी ठेवावं.

रिझर्व्ह बँक जुनी नाणी विकत घेण्याच्या व्यवहारात नाही आणि त्यासाठी कसलंही शुल्क मागत नाही. तसं तिने २०२१ मध्ये जाहीरही केलं आहे. नाणं विकणाऱ्याकडेच कुणी आधी पैसे मागितले, तर फोन ठेवून द्या.

दर रविवारी सकाळी दहा वाजता मी सोसायटीच्या ऑफिसात भिंग आणि काटा घेऊन बसेन. आजीच्या डब्यातली नाणी घेऊन या. फसला असाल तरी या. माझा खोटा एकोणचाळीसही टेबलावर ठेवलेला असेल.