सफारीची तयारी दंडावरच्या लसीपासून

नाशिकहून केनियातल्या मसाई मारा सफारीला निघणारी मंडळी आधी दुर्बीण आणि कॅमेरा पाहतात. खरी तयारी मात्र पीतज्वराच्या लसीपासून व्हायला हवी. केनियात आढळणारा हा आजार आपल्या देशात नाही. पण तो पसरवणारा एडिस इजिप्ती डास, म्हणजे डेंग्यूचाच डास, आपल्या कुंड्यांत आणि कूलरच्या पाण्यात वाढतो. एखाद्या प्रवाशाने विषाणू सोबत आणला, तर साथीला लागणारं बाकी सगळं इथे तयार आहे. म्हणूनच केनियातून परतताना लसीचं ग्राह्य प्रमाणपत्र नसेल, तर सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात राहावं लागू शकतं. हा जाच नव्हे, आपल्याच गावाचं रक्षण आहे.

‘टूर कंपनी बघेल की सगळं,’ असं काहीजण म्हणतात. कंपनी तिकिटं बघेल, पण लस आपल्यालाच टोचून घ्यावी लागते, तीही शासनमान्य केंद्रातच. प्रमाणपत्र १० दिवसांनी ग्राह्य होतं, मग आयुष्यभर चालतं. ‘या वयात लस सोसेल का?’ ही शंका मात्र रास्त आहे. साठी ओलांडलेल्यांनी, गर्भवतींनी, अंड्याची ॲलर्जी किंवा प्रतिकारशक्ती कमी असलेल्यांनी आधी डॉक्टरांशी बोलावं. मलेरियाच्या गोळ्यांचंही तेव्हाच विचारावं, कारण ही लस मलेरियापासून वाचवत नाही. बाकी सामान थोडंच: पहाटेच्या गारठ्यासाठी स्वेटर आणि कापडी पिशव्या, कारण केनियात २०१७ पासून प्लास्टिक पिशव्यांवर बंदी आहे. तेव्हा प्रवासाच्या किमान महिनाभर आधी लसीकरण केंद्राची वेळ घ्या.