जनरेटरच्या चाचणीची वेळ

12 ऑक्टोबर 2020 रोजी सकाळी मुंबई, ठाणे आणि नवी मुंबईची वीज एकदमच गेली. अशाच दिवसासाठी ऐरोली, रबाळे, महापे या पट्ट्यातल्या डेटा सेंटरच्या आवारात डिझेल जनरेटरांच्या रांगा उभ्या असतात. बँकांचे व्यवहार आणि रुग्णालयांच्या नोंदी त्यांच्या भरवशावर आहेत, तेव्हा ते काढून टाका असं मी म्हणणार नाही. माझं म्हणणं एवढंच, की हवेच्या दृष्टीने खरा प्रश्न वीज जाते त्या दिवसाचा नाही, ती असते त्या दिवसांचा आहे. जनरेटर नुसता उभा राहिला तर ऐनवेळी दगा देतो, म्हणून तो अधूनमधून चालवून पाहावाच लागतो. वीजपुरवठा भरवशाचा असलेल्या शहरात त्याचे बरेचसे तास या चाचण्यांतच जातात. आणि वीज कधी जाईल ते आपल्या हातात नसलं तरी चाचणी कधी घ्यायची ते पूर्णपणे आपल्या हातात असतं.

ही चाचणी कशी होते ते जरा जवळून पाहू. लोड न देता इंजिन चालवलं तर ते पुरेसं तापत नाही आणि अर्धवट जळालेलं डिझेल धुराड्यात साचत जातं. धुरातली नायट्रोजनची ऑक्साइडं युरियाच्या द्रावणाने निकामी करणारी यंत्रणा बसवलेली असली, तरी तिचा उत्प्रेरक दोन-अडीचशे अंश तापल्याशिवाय नीट काम करत नाही. म्हणजे बिनलोडच्या छोट्या चाचणीत ही महागडी यंत्रणा जवळपास निरुपयोगी ठरते. त्यात हिवाळ्यातली पहाट असेल तर जमिनीलगतची गार हवा वर उठत नाही आणि धूर शेजारच्या वस्तीवर रेंगाळतो. तेच काम दुपारी, वारा सुटल्यावर, लोड बँक म्हणजे कृत्रिम भार देणारं उपकरण जोडून आणि एका वेळी एकच जनरेटर चालवून केलं, तर यंत्राची परीक्षाही अधिक खरी होते.

यावर म्हणतात, वर्षातले हे मोजके तास, ठाणे-बेलापूर रस्त्यावरच्या ट्रकांपुढे ते काय? वर्षाच्या बेरजेत हे खरं असेल. पण आपल्या हवेच्या 2009च्या मानकांत नायट्रोजन डायऑक्साइडला वर्षाची आणि 24 तासांची मर्यादा आहे, तासाची नाही. अमेरिकेने तासाची मर्यादा 2010मध्ये आणली. सकाळच्या तासाभराचा धूर दिवसाच्या सरासरीत दिसेनासा होतो, दम्याच्या मुलाला मात्र तो त्याच तासात बाधतो. डिझेलच्या धुराने माणसाला कर्करोग होतो, हे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने 2012 सालीच जाहीर केलं आहे. तरीही जुलै 2023पासून नव्या जनरेटरांना लागू झालेले कडक निकष 800 किलोवॉटपाशी थांबतात. सोसायटीच्या लिफ्टचा जनरेटर त्यात सापडतो, डेटा सेंटरचे अजस्र जनरेटर बहुधा सुटतात. हा मला सरळसरळ अन्याय वाटतो.

दुसरा आक्षेप असा, की बंधनं घातली तर संकटात अडचण होईल. खऱ्या संकटाला सूट द्यावीच, पण संकट कशाला म्हणायचं ते आधी ठरलेलं असावं. अमेरिकेतल्या व्हर्जिनियात 2023मध्ये वीजजाळ्यावर ताण असताना डेटा सेंटरांना जनरेटर चालवू द्यावेत, असा प्रस्ताव तिथल्या पर्यावरण खात्याने मांडला होता. लोकांनी विरोध केल्यावर तो मागे घेतला गेला. वनस्पती तेलापासूनचं डिझेल वापरू, असंही सुचवलं जातं. त्याने कार्बनचा हिशेब सुधारतो, नायट्रोजनच्या ऑक्साइडांत फारसा फरक पडत नाही. त्यापेक्षा प्रदूषण नियंत्रण मंडळाने संमतीपत्रातच चाचणीच्या वेळा ठरवून द्याव्यात आणि प्रत्येक जनरेटर महिन्यात किती तास, कशासाठी चालला, तो तक्ता फाटकावर मराठीत लावायला सांगावं. त्यासाठी नवी यंत्रसामग्री लागत नाही आणि तासांची नोंद ठेवणारं मीटर जनरेटरवर असतंच.