मोघ्यातलं बी
(सोलापूर इथल्या महिला शिबिरातील भाषण)



माझ्या सासूबाई पाभरीमागं मोघा धरून चालायच्या. गडीमाणसं ज्वारी पेरायची. ओटीतलं बी मात्र सासूबाईंचं. करडई, हरभरा, जवस. कडेनं काटेरी करडई असली की जनावर आत शिरत नाही, एवढंच मला ठाऊक होतं. किडीचं गणित फार उशिरा कळलं.

करडईवर मावा येतोच. त्याच्या मागं ढालकिडा येतो. त्याची अळी काळी, ठिपक्यांची, दिसायला ओंगळ. रोग समजून आम्ही बायका खुरपताना तिला चिरडायचो! तीच तर मावा खाते. ज्वारीवर चिकटा पडतो तो माव्याचाच. तिथंही हीच उपयोगी पडते.

हरभऱ्यात धने टाकायलाही कारण आहे. कोथिंबिरीच्या फुलातला मध खायला कॅम्पोलेटिस नावाची बारीक माशी येते. घाटेअळी लहान असतानाच ती तिच्या अंगात अंडं घालते. आतलं पिल्लू अळीला पोखरून बाहेर येतं आणि पांढरट, काळ्या ठिपक्यांचा कोष करतं. तो दिसला तर राहू द्या. तुरीत मूठभर ज्वारी मिसळली की कणसावर साळुंकी, कोतवाल बसतात आणि घाटेअळ्या वेचतात.

पण दोन पिकं शेजारी आली की सगळं आपोआप होतं, असंही नाही. ज्वारीवर घाटेअळीची अंडी मारणारी ट्रायकोग्रामा माशी शेजारच्या तुरीवर फारशी काम करत नाही, असं हैदराबादजवळच्या इक्रिसॅटमध्ये दिसून आलं. तुरीची लव चिकट असते ना! म्हणून रान रोज बघावं लागतं.

बघतं कोण? खुरपणारी. आणि फवारायचं कोण ठरवतं? एका वर्षी मावा दिसला म्हणून घरच्यांनी दुकानातून औषध आणून मारलं. मी म्हणत होते, "थांबा, खाणारे आलेत." "तुला काय कळतंय?" मावा गेला, ढालकिडेही गेले. पंधरा दिवसांत मावा परत आला, ढालकिडे काही आले नाहीत.

किल्लारीच्या १९९३ च्या भूकंपानंतरच्या कामातून उभ्या राहिलेल्या 'स्वयं शिक्षण प्रयोग' संस्थेनं मराठवाड्यात आणि आपल्या सोलापुरात बायकांना घरातूनच एकरभर रान मागायला बळ दिलं. त्यात खायची पिकं मिसळून घ्यायची, निर्णय बाईचा. २०१६ साली संस्थेला इक्वेटर पारितोषिक मिळालं. ते ऐकून मीही घरात भांडले. अर्धाच एकर मिळाला, सातबारा अजून मालकांच्याच नावावर आहे. पण त्या अर्ध्या एकरात पंप मला विचारल्याशिवाय जात नाही.