बातमी कोणाच्या हाती? : स्त्री, प्रसारमाध्यमे आणि समाजपरिवर्तन

(सावित्रीबाई फुले जयंतीनिमित्त निघोजे येथे केलेले भाषण)





वर्तमानपत्र, आकाशवाणी, दूरदर्शन आणि आता मोबाइल या साधनांनी स्त्रीचे जीवन बदलले काय, असा विषय आम्हांस देण्यात आला आहे. आमचे मत सुरुवातीलाच सांगतो. माध्यम आले म्हणून समाज आपोआप बदलत नाही. ते माध्यम कोणाच्या हाती आहे, यावर सर्व काही अवलंबून असते.

थोडा इतिहास पाहू. १८५५ साली 'ज्ञानोदय' या नियतकालिकात मुक्ता नावाच्या विद्यार्थिनीचा निबंध छापून आला. ती मातंग समाजातील मुलगी, जोतिराव-सावित्रीबाईंच्या शाळेत शिकत होती. मांग-महारांचे दुःख मांडताना तिने बाळंतपणात डोक्यावर छप्परही नसलेल्या स्त्रीचे हाल लिहिले. ते हाल पिढ्यान्‌पिढ्या चालत आले होते. परंतु सोसणाऱ्यांपैकीच एका मुलीने ते छापील कागदावर आणले, ही गोष्ट नवी होती.

१८७७ मध्ये कृष्णराव भालेकरांनी 'दीनबंधू' पत्र काढले. विसाव्या शतकाच्या आरंभी, पतीच्या निधनानंतर, तानुबाई बिर्जे यांनी याच पत्राचे संपादन केले. एका बाईने वर्तमानपत्र चालवावे, हे त्या काळात किती अवघड असेल याची कल्पना विद्यार्थिनींनी करावी.

पुढे बाबासाहेबांनी ३१ जानेवारी १९२० रोजी 'मूकनायक' आणि ३ एप्रिल १९२७ रोजी 'बहिष्कृत भारत' सुरू केले. ज्यांना अक्षरओळख नव्हती त्यांना शिकलेली माणसे पत्र वाचून दाखवीत. डिसेंबर १९२७ मध्ये महाड येथे बाबासाहेबांनी स्त्रियांशी स्वतंत्र संवाद साधला. २० जुलै १९४२ रोजी नागपूरला सुलोचनाबाई डोंगरे यांच्या अध्यक्षतेखाली दलित महिलांची परिषद भरली. हजारो स्त्रिया जमल्या. घटस्फोटाचा हक्क, बहुपत्नीत्वास बंदी, कामगार स्त्रियांना रजा अशा मागण्या त्यांनी केल्या. ऐकणारी स्त्री बोलू लागली, ठराव मांडू लागली. समाजपरिवर्तन म्हणतात ते हेच.

फलटणच्या बेबीताई कांबळे यांचे उदाहरण तर प्रत्येक घरात सांगावे असे आहे. त्या किराणा दुकान चालवीत. पुड्या बांधण्यासाठी आणलेल्या रद्दीतील कागद त्या वाचून काढीत. लिहू लागल्या त्या घरच्यांपासून लपवून. अनेक वर्षे वह्या लपवून ठेवल्या. १९८६ साली त्यांचे 'जिणं आमचं' पुस्तकरूपाने आले, आणि आपल्याच समाजात स्त्रीला काय भोगावे लागले तेही जगासमोर आले. १९८९ मध्ये ऊर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी आंबेडकरी चळवळीतील स्त्रियांना भेटून 'आम्हीही इतिहास घडवला' हा ग्रंथ सिद्ध केला. तोवर या स्त्रियांची नोंद फारशी कोणी घेतलीच नव्हती.

आता आपल्या परिसराकडे वळू. निघोज्याच्या शिवारात चाकण औद्योगिक वसाहत आली. येथे मोटारी तयार होऊ लागल्या. गावोगावचे कामगार कुटुंब घेऊन येथे राहावयास आले. घराघरांत दूरदर्शन संच आला, प्रत्येक खिशात मोबाइल आला. परंतु रस्त्यावरचे फ्लेक्स पाहा. वाढदिवस असो की निवडणूक, त्यावर पुरुषांचेच चेहरे दिसतात. महाराष्ट्रात स्थानिक स्वराज्य संस्थांत २०११ पासून स्त्रियांना पन्नास टक्के आरक्षण आहे. तरी पुष्कळ गावांत सरपंचबाईंच्या फोटोशेजारी त्यांच्या यजमानांचा फोटो मोठा असतो आणि लोकही त्यांनाच 'सरपंच' म्हणून हाक मारतात. बाई चित्रात आली, कारभारात यावयाची राहिली.

आम्ही बँकेत नोकरी करतो. एक गोष्ट काउंटरवर रोज दिसते. खाते बाईच्या नावे असते, फॉर्मवर मोबाइल नंबर मात्र पतीचा किंवा मुलाचा. पगार जमा झाला, पैसे काढले गेले, हा संदेश दुसऱ्याच्या खिशात वाजतो. २०२४ मध्ये 'लाडकी बहीण' योजनेचे दीड हजार रुपये खात्यावर येऊ लागले, तेव्हाही 'साहेब, माझे पैसे आले का?' असे विचारावयास कित्येक भगिनी रांगेत उभ्या राहिल्या. पैसे त्यांचे आणि बातमी दुसऱ्याला! आमच्या दृष्टीने बाईच्या खात्याचा संदेश हेही प्रसारमाध्यमच आहे, आणि घरातली सत्ता कोणाकडे आहे ते तेथेच कळते.

जमिनीच्या बाबतीत तर हे फारच महाग पडते. हिंदू कोड बिल रखडले, तेव्हा बाबासाहेबांनी १९५१ मध्ये मंत्रिपदाचा राजीनामा दिला. २००५ च्या दुरुस्तीने वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीला मुलाइतकाच हक्क मिळाला. वारसा हक्काचा हा कायदा बौद्धांनाही लागू आहे. कारखान्यांमुळे या पट्ट्यात जमिनीला सोन्याचा भाव आला. अशा वेळी बहिणीला माहेरी बोलावून, साडीचोळी करून, हक्कसोडपत्रावर सही घेतली जाते. तिने स्वखुशीने हक्क सोडला तर तो तिचा प्रश्न आहे. पण कागदात काय लिहिले आहे हे न वाचता केलेली सही खुशीची कशी म्हणावी? दिवसभर मालिकांतील सासू-सुनांची भांडणे दाखविणाऱ्या पडद्यावर ही माहिती क्वचितच येते.

म्हणून आमच्या तीन नम्र सूचना आहेत. पहिली, प्रत्येक भगिनीने आपल्या खात्याला स्वतःचाच मोबाइल नंबर जोडावा आणि संदेश स्वतः वाचावा. वाचता येत नसेल तर मुलीकडून शिकून घ्यावा. दुसरी, विहारात आठवड्यातून एकदा स्त्रियांनी एकत्र बसून वर्तमानपत्र मोठ्याने वाचावे व त्यावर बोलावे. तिसरी विद्यार्थिनींसाठी आहे. आपल्या आईची, आजीची हकीकत विचारून लिहून काढा. त्या शेतात राबल्या, बांधकामावर राबल्या, कंपनीत ठेकेदाराकडे राबल्या. त्यांची नोंद दुसरे कोणी ठेवणार नाही. पुढच्या स्मरणिकेत निम्मे लेख भगिनींचे असावेत, अशी संस्थेलाही विनंती आहे.

बंधूंना एकच सांगावयाचे आहे. मुलाच्या हाती मोबाइल देताना आपण कारण विचारीत नाही. मुलीने मागितला की चौकशी सुरू होते. मुक्ताच्या हाती लेखणी देताना जोतिराव-सावित्रीबाईंनी तिच्यावर विश्वास टाकला होता. तो विश्वास आपण आपल्या मुलींवर टाकावा, एवढे बोलून आम्ही आपली रजा घेतो.

जयभीम!