मानेला हात लावण्याआधी



लखनौत मराठी माणूस बोलायला उभा राहिला की संगीतज्ञ भातखंड्यांचे स्मरण आधी होते. १९२६ साली त्यांच्या पुढाकाराने इथे मॅरिस कॉलेज उभे राहिले आणि उस्तादांच्या घरात जपलेल्या चिजा स्वरलिपीत बांधून शिकवल्या जाऊ लागल्या. आपली, म्हणजे फिजिओथेरपिस्ट आणि कायरोप्रॅक्टर यांची, विद्याही हाताची, गुरूकडून शिष्याकडे जाणारी. तिची लेखी नोंद मात्र आपण अजून धड ठेवत नाही. अर्धशिशीच्या रुग्णाच्या मानेवर उपचार करताना ही उणीव सर्वांत जास्त बोचते, म्हणून आज तेवढ्याच विषयावर बोलतो.

रुग्ण मानेवर बोट ठेवून सांगतो, ‘इथून सुरू होतं आणि डोळ्यामागे जातं.’ तो खोटे बोलत नाही. मानेच्या वरच्या तीन मज्जातंतूंच्या संवेदना आणि कपाळ-डोळ्यांकडच्या ट्रायजेमिनल मज्जातंतूच्या संवेदना मेंदूच्या बुडाशी एकाच ठिकाणी येऊन मिळतात. इथे लखनौत चारबागला शेजारी शेजारी दोन रेल्वे स्टेशने आहेत. मुंबईहून येणारी पुष्पक एक्सप्रेस वर्षानुवर्षे लखनौ जंक्शनवर लागायची, आणि पाहुण्यांना घ्यायला आलेला नवखा नातेवाईक शेजारच्या मोठ्या स्टेशनात तिला शोधत बसायचा. मेंदूचीही अशीच गफलत होते. अर्धशिशीचा झटका डोक्यात सुरू असतो आणि मान आखडते. अशा वेळी मान आखडणे हे दुखण्याचे मूळ नसते, ते त्याचे लक्षण असते. हे मान्य केले तर ‘मणका सरकलाय, बसवला की अर्धशिशी जाईल’ हे वाक्य आपल्याला उच्चारता येणार नाही.

१८९५ साली अमेरिकेत डॅव्हेनपोर्टला डी. डी. पामर यांनी कायरोप्रॅक्टिकची सुरुवात केली, ती सरकलेल्या मणक्याच्याच कल्पनेवर. आज मोबाइलवरचे व्हिडिओ पाहून रुग्ण मणका ‘बसवतानाचा’ तो ‘कट्’ आवाज मागायला येतो. २०१५ मध्ये कॅनडातील संशोधकांनी बोटाचा सांधा मोडताना एमआरआयमध्ये पाहिला. सांध्याच्या द्रवात वायूची पोकळी तयार होते, तेव्हा तो आवाज येतो. हाड जागेवर बसल्याची ती खूण नव्हे.

मग उपयोग होतो की नाही? नॉर्वेतील एक चाचणी २०१७ मध्ये प्रसिद्ध झाली. अर्धशिशीच्या १०४ रुग्णांचे तीन गट केले: एकाला खरे मॅनिप्युलेशन, म्हणजे मणक्याला हाताने दिलेला झटका, एकाला त्याचे नुसते नाटक, एकाचे नेहमीचे औषध चालू. दुखण्याचे दिवस तिन्ही गटांत कमी झाले. पुढे औषधाचा गट पूर्वपदावर गेला, इतर दोन गटांचा गुण टिकला. पण खऱ्या आणि नाटकी उपचारात लक्षणीय फरक निघाला नाही. २०१९ मध्ये सहा चाचण्या एकत्र करून पाहणाऱ्यांना थोडा फायदा दिसला, मात्र तो निष्कर्ष त्यांनी प्राथमिकच मानला. याचा अर्थ रुग्णाला बरे वाटते हे खरे; ते आपण मानेला दिलेल्या झटक्यामुळेच वाटते, हे सिद्ध झालेले नाही.

आता मानेला दिलेल्या झटक्याशी जोडला जाणारा धोका. मानेतील रोहिणीचे अस्तर फाटले तर पक्षाघात होऊ शकतो. असे क्वचित होते. कॅनडातील २००८ च्या अभ्यासात मानेच्या मागच्या रोहिणीशी संबंधित पक्षाघाताच्या रुग्णांनी आधी कायरोप्रॅक्टरइतकीच फॅमिली डॉक्टरांचीही भेट घेतलेली दिसली. म्हणजे रोहिणी आधीच फाटलेली असते आणि तीच मानदुखी माणसाला आपल्या दारात आणते, असेही घडत असावे. काही जण याला आपली निर्दोष सुटका समजतात. मला त्यात उलट जबाबदारी वाढलेली दिसते. फाटलेल्या रोहिणीची मान समोर आली आणि ती न ओळखता आपण तिला हिसका दिला तर काय? अमेरिकन हार्ट असोसिएशनने २०१४ मध्ये सांगितले की कार्यकारण सिद्ध नसले तरी हा संबंध रुग्णाला आधी सांगावा. शिवाय प्रत्येक मान सारखी नसते: डोक्यावर ओझी वाहून वाहून स्टेशनवरच्या हमालाच्या मानेची झीज झालेली असू शकते. ती मान आणि संगणकापुढची मान एकाच पद्धतीने हाताळता येणार नाही.

हात आखडता घ्या, असे मी म्हणत नाही. मानेच्या खोल स्नायूंचे व्यायाम, हलकी हाताळणी, झोप-जेवणाची वेळ सांभाळण्याचा सल्ला, यांनी आखडलेल्या मानेला आराम मिळतो. साध्या वेदनाशामक गोळ्या महिन्यात १५ किंवा त्याहून अधिक दिवस घेत राहिले तर त्यांनीच डोके दुखू लागू शकते. हे रुग्णाला पहिल्यांदा सांगणारा माणूस अनेकदा आपल्यापैकीच असतो, कारण आपण त्याला अर्धा तास देतो.

म्हणून या परिषदेपुढे तीन कलमांचा ठराव ठेवतो. एक, पहिल्या भेटीआधी आणि उपचार चालू असताना डोकेदुखीची रोजनिशी. महिन्यात दिवस किती, गोळ्या किती. दोन, पूर्वी कधी नव्हती अशी एका बाजूची मानदुखी, दुहेरी दिसणे, तोल जाणे, बोबडी वळणे, पापणी पडणे यांपैकी काहीही आढळले तर मानेला हात न लावता रुग्ण थेट रुग्णालयात. तीन, मानेला वेगाचा झटका देण्यापूर्वी धोका समजावून रुग्णाच्या भाषेत लेखी संमती. भारतात कायरोप्रॅक्टिकसाठी वेगळी वैधानिक परिषद नाही; ती येईपर्यंत आपले नियम आपणच करायला हवेत.

दुपारच्या सत्रात या ठरावावर चर्चा होईल. विरोधात बोलणाऱ्यांना आधी वेळ द्यावा, अशी माझी अध्यक्ष म्हणून सूचना आहे.