आधी निरीक्षण, मग निष्कर्ष
(स्नेहमेळाव्यातील मनोगत)



मी वसईतच गाड्यांचं इलेक्ट्रिकचं काम करतो. भाषणाची सवय नाही, म्हणून एका टेम्पोची गोष्ट सांगतो.

हा टेम्पो रोज पहाटे आपल्या पश्चिम पट्ट्यातली फुलं दादरला नेतो. त्याचा इंजिनचा दिवा पेटला, हेडलाइटचे बल्ब वरचेवर उडू लागले. स्कॅनर लावला तर पी०५६३ हा कोड, म्हणजे सिस्टीमचं व्होल्टेज जास्त. मालकाला आधीच कुणीतरी सांगितलं होतं, "कंट्रोल मोड्यूल गेलंय, नवीन टाका." खर्च ऐकून बिचाऱ्याचा चेहरा उतरला होता.

मला आपली प्रयोगवही आठवली. उद्देश, साहित्य, कृती, निरीक्षण, निष्कर्ष. आपण काय करायचो? निष्कर्ष आधी उतरवून निरीक्षणं मागाहून जुळवायचो. बाईंनी एकदा माझी वही परत केली होती.

मीटर काढला. इंजिन बंद असताना बॅटरी १२.६ व्होल्ट, म्हणजे ठीक. इंजिन सुरू केल्यावर साधारण १३.८ ते १४.५ दिसायला हवं, दिसलं १६.२. स्कॅनरवरही तेवढंच. मीटरवर बरोबर आणि स्कॅनरवर जास्त असतं, तर मोड्यूलवर संशय घेता आला असता. इथे ते खरंच बोलत होतं. तक्रार सांगणाऱ्यालाच आपण चोर ठरवत होतो!

मग अल्टरनेटर खराब? तोही निष्कर्ष थांबवला. या गाडीत बॅटरीचं व्होल्टेज अल्टरनेटरच्या रेग्युलेटरला कळवणारी एक बारीक वायर असते. इंजिन चालू ठेवून बॅटरीचा प्लस आणि त्या वायरचं रेग्युलेटरकडचं टोक यांच्यामध्ये मीटर लावला. फरक जवळपास शून्य यायला हवा होता, आला २ व्होल्ट. कनेक्टर उघडला, आत हिरवट गंज. खाडीची खारी हवा आणि पावसाचं पाणी आपल्याकडे कुठे शिरत नाही? रेग्युलेटरला वाटत होतं बॅटरीला १४ मिळतायत, म्हणून तो आणखी जोर लावत होता. टर्मिनल बदललं, व्होल्टेज १४.२ वर आलं. दुसऱ्या पहाटे फुलं दादरला पोचली.

आता एक कबुली. धंद्याच्या सुरुवातीला मी जुन्या मिस्त्रींचं पाहून चालू इंजिनवर बॅटरीची केबल काढून अल्टरनेटर तपासायचो. जुन्या गाड्यांत ते खपून जायचं. पण बॅटरी अचानक सुटली की अल्टरनेटरचं व्होल्टेज क्षणभर कित्येक पट उसळतं. तसं करून मी एका गिऱ्हाइकाचं चांगलं मोड्यूल जाळलं. त्याला मात्र सांगितलं, "आधीच गेलेलं होतं." पैसे त्यानेच भरले. पुढे मी त्याला शोधलं, पण तो गाव सोडून गेला होता.

ते पैसे अजून माझ्याकडे आहेत असंच मी धरतो. म्हणून दुकानात येणाऱ्या पोरांना पहिला धडा हाच देतो: चालू इंजिनवर केबल काढायची नाही, आणि मोजल्याशिवाय कुणाला दोषी म्हणायचं नाही.

बाई, तेव्हा परत केलेली वही आज पूर्ण करून आणलीय. तपासून घ्या.